खिशांतलें पिस्तूल आणि तांबडा ठिपका

शस्त्र जितकें लहान तितकें तें चालविण्यास सोपें, असा एक समज सर्वसाधारण माणसाच्या मनांत असतो. तरवारीपेक्षां सुरी सोपी, बंदुकीपेक्षां पिस्तूल सोपें, आणि तळहातावर मावणारें पिस्तूल तर कोणींही सहज वापरावें! त्यांतच अलीकडे अशा पिस्तुलाला लेसर किरणाची जोड मिळाली आहे. चाप ओढण्यापूर्वींच गोळी जेथें लागावयाची तेथें तांबडा ठिपका उमटतो. मग नेम धरण्याची विद्या शिकण्याचें कारणच काय, असें पुष्कळांस वाटतें. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांतील दुसरी तर धोक्याचीही आहे, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

आमच्या कित्येक वाचकांस हा विषय परका वाटेल. भारतांत १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून पिस्तूल बाळगतां येत नाहीं, व आपल्या बहुतेक घरांत तें कधीं येतही नाहीं. परंतु आज आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचीं मुलें, पुतणे, भाच्या अमेरिकेंत संसार थाटून राहिल्या आहेत. त्या देशांत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीनें १७९१ पासून मान्य केलेला आहे. आणि स्वसंरक्षणासाठीं घरांत पिस्तूल ठेवणें हा व्यक्तीचा हक्क होय, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. आपलीं नातवंडें ज्या शेजाऱ्याकडे खेळावयास जातात त्याच्या कपाटांत काय असूं शकतें, हें येथील आजी-आजोबांसही ठाऊक असलेलें बरें.

उदाहरणादाखल एकच पिस्तूल घेऊं. रुगर कंपनीनें २००८ सालीं ‘एल्‌सीपी’ नांवाचें पिस्तूल बाजारांत आणलें. रिकामें असतांना त्याचें वजन सुमारें २७० ग्रॅम, म्हणजे पावशेराच्या आसपास. नळी पावणेतीन इंच. पेटींत काडतुसें सहा. सदऱ्याच्या खिशांत तें दिसतही नाहीं. त्याचें .३८० मापाचें काडतूस मात्र नवें नव्हे. जॉन ब्राउनिंग या विख्यात शस्त्रकारानें तें योजिलें व १९०८ सालीं कोल्ट कंपनीच्या पिस्तुलाबरोबर तें प्रचारांत आलें. युरोपांत त्यालाच नऊ मिलिमीटर ‘शॉर्ट’ म्हणतात. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत महात्माजींवर ज्या तीन गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच मापाच्या होत्या. लहान काडतूस म्हणजे खेळणें नव्हे, हें महाराष्ट्राला निराळें सांगावयास नको.

आतां लहान शस्त्र कठीण कां, तें पाहूं. नेम धरणें म्हणजे नळीच्या टोकावरील माशी मागच्या खांचेंत बरोबर मध्यें बसवून दोन्ही निशाणाच्या रेषेंत आणणें. माशी व खांच यांमधील अंतर जितकें कमी तितकी चूक अधिक फळते. समजा, हें अंतर १० सेंटिमीटर आहे आणि माशी एक मिलिमीटर बाजूला सरली. तर १० मीटरांवरील निशाणावर गोळी १० सेंटिमीटर बाजूला लागेल. माशी व खांच यांत २० सेंटिमीटर अंतर असलेल्या मोठ्या पिस्तुलांत तीच चूक पांच सेंटिमीटरांवर थांबते.

दुसरी अडचण वजनाची. गोळी पुढें जातांना पिस्तूल मागें हिसका देतें. पिस्तूल जड असेल तर तो हिसका त्याच्या वजनांत जिरतो, हलकें असेल तर तो सारा मनगटाला सोसावा लागतो. पकड सैल असली तर रिकामें पुंगळें नीट बाहेर न पडतां यंत्र मध्येंच अडकतें. तिसरी अडचण चापाची. खिशांतल्या पिस्तुलाचा चाप हेतुपुरस्सर लांब व जड ठेवलेला असतो, कारण मूळच्या एल्‌सीपीसारख्या पिस्तुलाला निराळी सुरक्षा-कळ नसते. तो ओढण्यास लागणारें बळ पिस्तुलाच्या वजनाच्या कित्येक पट असतें. सुतळीनें दार ओढण्याऐवजीं दारानेंच सुतळी ओढावी, तसें येथें होतें: बोट चाप ओढतें, आणि चापाबरोबर सारें पिस्तूल हलतें.

या तिन्ही अडचणींवर लेसर हा उतारा म्हणून विकला जातो. थिओडोर मायमन यांनीं १९६० सालीं कॅलिफोर्नियांत माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण काढून दाखविला. पुढें अर्धवाहकापासून असा किरण काढण्याची युक्ति साधली, आणि नखाएवढ्या यंत्रांतून, बटणाएवढ्या विजेरीवर, तो निघूं लागला. हें यंत्र पिस्तुलाच्या मुठीवर किंवा चापाच्या कड्यापुढें बसवितात. अंधाऱ्या खोलींत, चष्मा हातीं नसतांना, माशी न दिसणाऱ्या म्हाताऱ्या डोळ्यांस हा ठिपका खरोखरच उपयोगी पडतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु किरण व गोळी एका वाटेनें जात नाहींत, हें लक्षांत ठेवावें. किरण नळीच्या खालून निघतो. यंत्र सात मीटरांवर जुळवून घेतलें असेल, तर तेथेंच दोहोंची गांठ पडते. त्याहून जवळ गोळी ठिपक्याच्या वर लागते, आणि त्याहून दूर ती ठिपक्याच्या खालीं जाते. शिवाय भर उन्हांत तांबडा ठिपका दिसेनासा होतो. हिरवा किरण डोळ्यांस अधिक चटकन जाणवतो, परंतु उन्हापुढें त्याचाही निभाव फार दूरपर्यंत लागत नाहीं. आणि विजेरी संपली म्हणजे सारा खेळ संपला!

अमेरिकेंत स्थायिक झालेली आमची एक भाची अशा पिस्तुलाचा सराव करीत असतांना बंदिस्त चांदमारींत तिच्या मागें उभें राहून आम्ही तो प्रकार पाहिला. आंत जाण्यापूर्वीं डोळ्यांवर जाड चष्मा व कानांवर झांकणें चढवावीं लागतात. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलांच्या वर जातो, व त्यानें गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. नळीचें तोंड सदैव निशाणाकडे, आणि ‘थांबा’ अशी आज्ञा होतांच सर्वांनीं शस्त्रें खालीं ठेवून मागें सरावयाचें. बाहेर आल्यावर हात साबणानें धुतल्यावांचून कोणी कांहीं खात नाहीं, कारण शिशाची बारीक धूळ बोटांना चिकटलेली असते. ही शिस्त पाहून आम्हांस सोंवळ्यांतील स्वयंपाकघराची आठवण झाली. तेथेंही नियम मोडणारा मोठा कीं धाकटा हें पाहिलें जात नाहीं.

शिक्षकानें आरंभीं काडतुसें दिलींच नाहींत. पिस्तूल रिकामें असल्याची दोनदां खात्री करून, किरण लावून, सात यार्डांवरील कागदावर ठिपका धरावयास सांगितलें. ठिपका क्षणभरही स्थिर राहीना. तो थरथरे, वर्तुळें काढी, आणि चाप ओढतांच झटक्यानें खालीं डावीकडे उडे. उजव्या हातानें नेम धरणारा नवशिका चापाला हिसका देतो, त्याची ही ठरलेली खूण होय. ठिपका मध्यावर येईल तेवढ्यांत चाप ओढून टाकावा, अशी ओढ प्रत्येकाला होते. आणि तीच घात करते. हात थोडा हलणारच, तो हलूं द्यावा, पण बोटाचा दाब सावकाश व सारखा वाढवीत न्यावा, असें शिक्षकानें पुनःपुन्हा सांगितलें. तासाभरानें ठिपक्याची उडी आंखडली.

मग खरीं काडतुसें आलीं, परंतु त्यांत न सांगतां एक-दोन पोकळ काडतुसें मिसळलेलीं. पोकळ काडतूस आलें कीं आवाज होत नाहीं. होते फक्त धक्क्याच्या भीतीनें आधींच खालीं वांकलेल्या मनगटाची चोरी उघड. शेवटीं शिक्षकानें किरण बंद करविला व माशीवर नेम धरावयास लाविलें. लेसर हा शिक्षक उत्तम, पण चाकर म्हणून भरंवशाचा नव्हे, हें आमच्या तेथें ध्यानांत आलें. तो हात स्थिर करीत नाहीं. हात किती अस्थिर आहे एवढेंच दाखवितो.

याची साक्ष आपल्या कोल्हापुरांतच आहे. राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेंत, व २०१८ सालीं इंडोनेशियांतील पालेंबांग येथें झालेल्या आशियाई स्पर्धेंत, २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें या प्रकारांत लेसर किंवा भिंग चालत नाहीं. साधी माशी व खांच यांवरच नेम धरावा लागतो. तेथें पिस्तूल १,४०० ग्रॅमपर्यंत जड असूं शकतें आणि चापाला किमान १,००० ग्रॅमांचा दाब पुरतो. म्हणजे खेळाडूच्या हातीं जड पिस्तूल व हलका चाप, आणि भ्यालेल्या गृहस्थाच्या खिशांत हलकें पिस्तूल व जड चाप! वर्षानुवर्षें साधना करणाऱ्याला सोपें साधन, आणि सराव न करणाऱ्याला सर्वांत कठीण, असा हा उफराटा न्याय आहे.

आतां घराकडे वळूं. जेफ कूपर (१९२०–२००६) या अमेरिकन शिक्षकानें चार नियम घालून दिले, ते जगभर शिकविले जातात: प्रत्येक शस्त्र भरलेलेंच समजावें, जें नष्ट करावयाचें नाहीं त्यावर नळी कधीं रोखूं नये, नेम बसेपर्यंत बोट चापावर ठेवूं नये, आणि निशाण कोणतें व त्याच्या मागें काय आहे याची खात्री करावी. किरण यांपैकीं एकाही नियमाची जागा घेत नाहीं. अंधारांत ठिपका मनुष्याच्या छातीवर पडला, तरी तो मनुष्य चोर कीं रात्रीं पाणी प्यावयास उठलेला मुलगा, हें ठिपका सांगत नाहीं.

याहूनही एक गंभीर गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकेंत बंदुकीनें होणाऱ्या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक मृत्यु आत्महत्येचे असतात. ज्या चोरासाठीं शस्त्र आणिलें तो बहुधा येतच नाहीं. परंतु परीक्षेंत नापास झालेला मुलगा, विरक्त झालेले आजोबा, खिन्न झालेली सून हीं घरांतच असतात. म्हणून ज्यांनीं शस्त्र ठेवण्याचें ठरविलेंच असेल त्यांनीं तें रिकामें करून कुलपांत ठेवावें, काडतुसें निराळ्या कुलपांत ठेवावीं, आणि घरांत कोणाचें मन ढासळलेलें दिसलें तर शस्त्र कांहीं काळ घराबाहेर न्यावें. परदेशीं असलेल्या मुलांना पत्रांत वा दूरध्वनीवर आपण प्रकृति विचारतों, हवा विचारतों. ‘तुमच्या घरीं पिस्तूल आहे काय, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते?’ हा प्रश्नही संकोच न धरतां विचारावा. तो विचारण्याचा वडीलधाऱ्यांना अधिकार आहे, आणि त्याचें उत्तर देणें हें मुलांचें कर्तव्य आहे.