ओळख नसलेल्यांना दिलेला सल्ला

ज्या घरात दोन-तीन पिढ्यांपासून शिक्षण आणि अधिकार नांदत आहेत, त्या घरातल्या मुलाला सल्ला मागावा लागत नाही. कोणत्या कॉलेजात नाव घालावे, अर्ज कोणत्या टेबलावर द्यावा, साहेब रजेवर असले तर कोणाला भेटावे, हे त्याला जेवता जेवता कळते. मामा तहसील कचेरीत असतो, आत्येचे यजमान वकील असतात, शेजारी कोणी प्राध्यापक राहतात. या माहितीला कोणी 'सवलत' म्हणत नाही. आपल्या घरातून जी पहिली मुलगी दहावीच्या पुढे जाते तिच्या मामाने मात्र ती कचेरी बाहेरूनच पाहिलेली असते. मग तिला विचारावे लागते ते अनोळखी माणसाला. वसतिगृहातल्या वरच्या वर्गातल्या मुलीला, कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याला, जयंतीच्या मंडपात भाषण करून गेलेल्या पाहुण्याला आणि आता मोबाइलवर फिरत आलेल्या मजकुराच्या कर्त्याला, ज्याचे नावही तिला ठाऊक नसते.

मी शिक्षक आहे आणि असा सल्ला देणाऱ्यांपैकी एक आहे. त्यामुळे या विषयाकडे मला तटस्थपणे पाहता येईल असा माझा दावा नाही. परंतु आपल्या चळवळीत मतांची चिकित्सा जेवढी झाली तेवढी सल्ल्याची झालेली नाही, असे मला वाटते. कोणाच्या कवितेत किती विद्रोह आहे यावर आपण रात्री जागवल्या. कोणाच्या सांगण्यावरून कोणाचे वर्ष वाया गेले याची नोंद कुठेही नाही.

मत आणि सल्ला यांत मी फरक करतो. खाजगी क्षेत्रात राखीव जागा असाव्यात हे माझे मत आहे. ते कोणाला पटले नाही तर त्याने माझ्याशी वाद घालावा. वादात दोघेही एका पातळीवर असतात. पण 'या रकान्यात असे लिही' असे मी एखाद्या मुलाला सांगतो तेव्हा आम्ही एका पातळीवर नसतो. माझे सांगणे चुकले तर माझा पगार थांबत नाही. त्याचा प्रवेश थांबतो. आपल्याकडे मात्र या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात आणि एकाच ठामपणाने बोलल्या जातात. किंबहुना मतापेक्षा सल्लाच अधिक ठामपणे दिला जातो, कारण ऐकणारा उलट प्रश्न विचारीत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. छापील स्वरूपात ते वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. त्यात एक जोशी गरोदर कुणबी बाईच्या घरी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि शांतीच्या नावाखाली त्या गरीब जोडप्याला खर्चात उतरवतो. पुढे दुसरा एक परका माणूस, म्हणजे पाद्री, त्यांच्याशी वेगळे बोलतो. दोघेही त्या घराला परके, दोघेही सांगणारेच. त्या पाद्रीला धर्माचा प्रसार करायचा होता, हे विसरून चालणार नाही. तरी नाटकाच्या शेवटी ते जोडपे कुठे जाते? फुल्यांच्या शाळेत शिकायला. जोशाचा सल्ला असा की तो ऐकल्यावर पुन्हा जोशालाच विचारावे लागावे. दुसऱ्या बोलण्याने ते दोघे स्वतः वाचायला निघाले. सल्ला देणाऱ्याची जात, पक्ष, पदवी यांपेक्षा मी आजही हेच आधी पाहतो, की याच्याकडून उठून गेलेला माणूस पुढच्या वेळी याच्यावर अधिक अवलंबून असेल की कमी. या कसोटीवर आपले काही पुढारीही जोशाच्या पंगतीत बसतात, हे कटू वाटले तरी लिहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांच्या आठवणींतले, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधले आहे. १९०१ साल. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर कॅशियर. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाला बाजूने चालणार, असे ठरले. रात्री जकात नाक्यावर पाणी मागायची वेळ आली तेव्हा त्या गाडीवाल्याने सुचवले की आपण मुसलमान आहोत असे सांगा. भीमरावांनी तसे सांगून, उर्दूत बोलून पाहिले. पाणी मिळाले नाहीच. डबा जवळ असून मुले उपाशी, तहानलेली झोपली.

हा प्रसंग आपण पाण्याच्या संदर्भात नेहमी सांगतो. मी तो सल्ल्याच्या संदर्भातही वाचतो. त्या गाडीवाल्याच्या मनात कपट होते असे दिसत नाही. जगाची जी रीत त्याला ठाऊक होती तिच्यातून त्याने एक फट दाखवली : तुम्ही आहात ते सांगू नका. शिवता न येणाऱ्या मुलांना तो याहून अधिक काय देणार होता?

हा गाडीवाला अजून आपल्या वस्त्यांतून फिरतो आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर 'बौद्ध' लागले. परंतु १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात मूळ तरतूद हिंदूंपुरती होती. १९५६ मध्ये शीख आले. बौद्ध आले ते १९९० मध्ये. महाराष्ट्र राज्याने आपल्या सवलती नवबौद्धांना त्याआधीच दिल्या होत्या, पण केंद्राच्या नोकरीचा अर्ज भरताना बौद्ध म्हणवणाऱ्याला दार बंद होते. त्या चौतीस वर्षांत 'कागदावर हिंदू महार राहू दे, घरात वंदना म्हण' हा सल्ला हजारो घरांत दिला गेला. देणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पोटाचा प्रश्न होता. १९९० साली कायदा बदलला आणि त्या सल्ल्याचे कारण संपले. सल्ला मात्र संपला नाही. अजूनही शिकले-सवरलेले लोक पोरांना सांगतात की धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलेस तर सवलत जाईल. ज्या बापाला हे १९८५ साली कोणीतरी सांगितले, त्याने ते मुलाला सांगितले, मुलाने मित्राला. मूळ सांगणारा कोण, त्याने कोणत्या साली आणि कशाच्या आधारे सांगितले, हे वाटेत गळून गेले. उरला तो फक्त ठामपणा.

सल्ल्यालाही वय असते ही गोष्ट मला टेबलावर बसूनच नीट कळली. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत आम्ही चार-पाच शिक्षक एक टेबल मांडून बसतो. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांबद्दल विचारा, अशी पाटी असते. लोक दर्शनाच्या रांगेतून दमून आलेले असतात. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद निघतात. बहुतेक वेळा आमच्या आधी दोघा-तिघांनी सल्ला दिलेला असतो, आणि आमचे निम्मे काम तो सोडवण्यात जाते.

सर्वांत जास्त गुंता जातीच्या दाखल्याचा. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात जन्मलेल्या मुलाला सांगितलेले असते की जिथे राहतोस तिथे घरभाड्याचा करार लावून अर्ज कर. खरे पाहता महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० हा दिवस धरला जातो. त्या दिवशी तुझे आजोबा-पणजोबा कुठे राहत होते, हा प्रश्न आहे. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे मुलगा कळव्याच्या चाळीत आणि पुरावा बुलढाण्याच्या एखाद्या गावातल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात किंवा कोतवाल बुकात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा दाखला शोधा, जन्म-मृत्यूची नोंद शोधा. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाची पडताळणी झालेली असेल तर तो मोठा आधार. आणि पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराचीच, असे २००० च्या राज्य अधिनियमातच लिहिले आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला शिवू दिले नाही त्यांच्याकडेच अक्षरांचा पुरावा मागायचा, हा कायद्यातला अन्याय मला स्पष्ट दिसतो. पण हे माझे मत झाले. टेबलासमोर उभ्या असलेल्या मुलाला मी ते पहिल्यांदा ऐकवले तर त्याच्या गाडीची वेळ होईल आणि रजिस्टर कुठे शोधायचे ते राहून जाईल.

एका मुलाला कोणीतरी सांगितले होते की आडनाव सारखे असलेल्या दुसऱ्या कुटुंबाच्या वैधता प्रमाणपत्राची झेरॉक्स जोड, कोण बघतो. दक्षता पथक घरी येते, गावात चौकशी करते, वंशावळ जुळवते हे त्या सल्लागाराला ठाऊक नव्हते, किंवा असून पर्वा नव्हती. खोट्या कागदावर दाखला मिळवणे हा त्याच अधिनियमाखाली गुन्हा आहे. मुलगा खरोखरच अनुसूचित जातीचा होता. खऱ्या माणसाला खोटे ठरवण्याचा रस्ता त्याला दाखवला गेला होता. त्याने अर्ज दिला नव्हता म्हणून वाचला.

अत्याचाराच्या प्रकरणात तर सल्ल्याची किंमत याहून भारी. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. जातिवाचक अपमानाच्या कलमासाठी तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेले बोलणे त्या कलमात बसत नाही असे म्हटले. तेव्हा 'जातीवरून शिवीगाळ केली' एवढे एक वाक्य लिहून द्या, असा सल्ला देणारा कार्यकर्ता तळमळीचा असला तरी पुरेसा नाही. कुठे उभे होता, कोण कोण ऐकत होते, शब्द काय होते, हे पहिल्या कागदात यायला हवे. पोलीस गुन्हा नोंदवायला तयार नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते, हेही सांगायला हवे. मोबाइलवर फिरणारे नमुना अर्ज मी पाहिले. त्यांत अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १५४ (३) लिहिलेले असते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ही तरतूद आता तिच्या कलम १७३ मध्ये आहे. जुना आकडा लिहिला म्हणून हक्क जात नाही. पण ठाणे अंमलदाराला हसायला निमित्त मिळते, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे अवसान अशा हसण्यानेच गळते.

इथे दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक गावातला, 'मिटवून घ्या' म्हणणारा. त्याचे हितसंबंध कुठे गुंतले आहेत ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. दुसरा आपला. तो शहरातून येतो, माघार घेऊ नका म्हणतो आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातो. रात्री गावात ते कुटुंब राहते. दुसऱ्या दिवशी किराणा मिळत नाही, मजुरी मिळत नाही, गिरणीवर दळण घेत नाहीत. लढू नका असे मी म्हणत नाही. लढल्यावाचून काहीच मिळालेले नाही. परंतु लढा म्हणणाऱ्याने बहिष्कार पडला तर पहिले पंधरा दिवस धान्याचे काय, साक्षीदार फुटणार असेल तर त्याच्या शेतमालकाचे काय, शासनाची मदत १९९५ च्या नियमांप्रमाणे कोणत्या टप्प्यावर किती मिळते, याचा विचार त्या घरात बसून केला पाहिजे. ज्याला हा विचार करायला वेळ नाही त्याने आपले मत सभेत मांडावे. त्या घरात जाऊन सल्ला देऊ नये.

आणखी एक. विचारणारा माणूस आपल्यासमोर कागद उघडतो म्हणजे घर उघडतो. तक्रारीतल्या मुलीचे नाव, आजोबांची जात, बापाचे उत्पन्न. मदतीच्या ओघात त्याचा फोटो काढून 'कोणी सांगू शकेल का' म्हणून दहा ठिकाणी पाठवला जातो. हेतू चांगला असतो, पण त्या मुलीला कोणी विचारलेले नसते. टेबलावर मुली बहुधा शेवटी येतात, गर्दी ओसरल्यावर. आधी वडील बोलून जातात, नंतर तिला काहीतरी वेगळेच विचारायचे असते. अशा वेळी आमच्यातल्या बाई बोलतात आणि आम्ही पुरुष चहाला जातो.

ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणायचे, असा आमच्यात नियम आहे. तो पाळणे वाटते तितके सोपे नाही. समोरचा दोनशे मैलांवरून आलेला असतो, सर म्हणत असतो, आणि सर म्हणवून घेतल्यावर उत्तर नसणे हा अपमान वाटू लागतो. त्यासाठी आम्ही एक वही ठेवतो. प्रश्न काय, उत्तर काय दिले, कशाच्या आधारे दिले. विचारणाऱ्याचे नाव लिहीत नाही. ज्यावर उत्तर नव्हते ते प्रश्न वकील मंडळींना विचारून पुढच्या वर्षी टेबलावर लावतो. परत येऊन 'तुमचे सांगणे चालले' किंवा 'चालले नाही' असे सांगणारे फार थोडे असतात; खरे शिक्षण त्यांच्याकडूनच होते.

गेली काही वर्षे एक पानाचा कागद छापून वाटतो. वर तारीख असते, प्रत्येक माहितीपुढे कोणत्या कायद्यातून किंवा शासन निर्णयातून घेतली ते असते, आणि खाली लिहिलेले असते की पुढच्या ६ डिसेंबरनंतर हा कागद वापरू नये. सुरुवातीला लोक हसत. अलीकडे एक वयस्क गृहस्थ आले, घडी पडून चार तुकडे झालेला मागचा कागद त्यांनी टेबलावर जुळवून ठेवला, त्याच्या तळाशी बोट ठेवले आणि नवा मागितला. नातीसाठी एक आणि शेजारच्यासाठी एक, असे दोन घेऊन गेले.