गोळीची लांबी आणि नळीचा पीळ

सन 1955 मध्ये अमेरिकेच्या बाजारात 6 मिलिमीटर व्यासाची दोन शिकारी काडतुसे एकाच सुमारास दाखल झाली: विंचेस्टरचे .243 आणि रेमिंग्टनचे .244. दारूच्या सामावणुकीत रेमिंग्टनचे काडतूस किंचित सरसच होते. तथापि गिऱ्हाइकांनी कौल दिला तो विंचेस्टरला, आणि या निकालाचे मूळ होते नळीच्या पिळात.

नळीच्या अंतर्भागी कोरलेल्या सर्पिल खाचा किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, ते पिळाचे माप होय. विंचेस्टरने ते 10 इंच ठेवले, रेमिंग्टनने 12. पिकांस उपद्रव देणाऱ्या लहान जनावरांवर 75 ग्रेनची हलकी गोळी झाडणारा शिकारी रेमिंग्टनच्या नजरेसमोर असावा. परंतु त्या शिकाऱ्यास त्याच बंदुकीने हरीणही पाडावयाचे होते, आणि त्याकरिता त्यास 100 ग्रेनची गोळी हवी होती.

लोक येथे वजनाची भाषा बोलतात. पीळ मात्र लांबी पाहतो. उडत्या गोळीवरील हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूस एकवटून तिला उलथवू पाहतो. गोळी जितकी लांबट तितका हा जोर अधिक, आणि भोवऱ्याप्रमाणे तिला सावरणारी फिरकीही तितकीच शीघ्र लागते. वुलविच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांस गणित शिकविणारे आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये यासाठी एक सुटसुटीत सूत्र बसविले: व्यासाच्या वर्गास 150 ने गुणावे व गोळीच्या लांबीने भागावे, सर्व मापे इंचांत. या हिशेबाने 6 मिलिमीटरच्या पाऊण इंची गोळीस सुमारे 12 इंचांचा पीळ पुरतो, एक इंची गोळीस मात्र 9 इंचांचा लागतो. बोथट नाकाची, म्हणून आखूड, अशी 100 ग्रेनची गोळी रेमिंग्टनच्या नळीतूनही पुष्कळदा नीट जाई. पण बदलौकिक असले बारकावे कोठे विचारात घेतो! 1963 मध्ये कंपनीने तेच काडतूस 9 इंची पिळासह नव्या नावाने आणले, तरी गेलेले गिऱ्हाईक परतले नाही.

त्याच वर्षी अमेरिकी सैन्यानेही नव्या .223 बंदुकीचा पीळ 14 वरून 12 इंचांवर आणला, कारण कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते आणि काठावर सावरलेली गोळी डगमगू लागते. म्हणून वापरावयाच्या सर्वांत लांब गोळीवरून पीळ निवडावा, आणि शंका असल्यास किंचित शीघ्र घ्यावा. अतिरेक केल्यास मात्र पातळ कवचाच्या गोळ्या वाटेतच फुटतात.

जुन्या बंदुकीच्या पिळाची नोंद दफ्तरी नसेल, तर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, मूठ फिरती असलेल्या सफाईच्या गजास घट्ट चिंधी लावून तो नळीत घालावा, आणि गजावरील खूण एक फेरा पुरा करीपर्यंत तो किती इंच सरकला ते मोजावे.