डॉनला मराठीत काय म्हणायचं?

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतला इंग्रजी शाळेत जाणारा एक मुलगा परवा वही घेऊन आला. ‘आजोबा, डॉन म्हणजे काय?’ मी विचारलं, ‘सिनेमातला का?’ तो हसला. आपल्या लिपीत दोन्ही डॉन सारखेच दिसतात, त्याला काय करणार! त्याला हवा होता सूर्योदयाआधीचा डॉन. ‘पहाट’ असं सांगून मी मोकळा झालो, तर आतून आईचा आवाज आला, ‘अरं, पहाट अंधारात असत्या. उजेड दिसला की तांबडं फुटलं म्हणायचं!’

मी शब्दकोश काढला आणि आईचंच खरं निघालं.

इंग्रजीत हा शब्द आधी क्रियापदाच्या घरात जन्मला. जुन्या इंग्रजीत दिवस होण्याला ‘दागियन’ म्हणत. त्यातूनच पुढं ‘डॉनिंग’ आला, तो साधारण आपल्या ज्ञानेश्वरीच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस. त्याचं शेपूट गळून ‘डॉन’ हे क्रियापद झालं. नाम म्हणून नुसता ‘डॉन’ रूढ व्हायला सोळावं शतक संपत आलं. तेव्हा डॉन म्हणजे दिवस होणं, आपलं उजाडणं. एखादी गोष्ट उशिरा कळली की इंग्रज ती आपल्यावर ‘डॉन’ झाली म्हणतो. आपल्याही डोक्यात उजेडच पडतो.

पहाटेचं तसं नाही. अंबाबाईची काकडआरती पहाटेची, तेव्हा आकाशात चांदण्या असतात. गावाकडं म्हशीची धार पहाटे काढायची आणि शेताकडं निघायचं ते तांबडं फुटल्यावर. कोंबडं आरवलं, झुंजुमुंजू झालं, तांबडं फुटलं, फटफटलं, दिस उगवला. आईच्या घरात घड्याळ नव्हतं, ही घड्याळाची कामं शब्द करत. पंडितांचा ‘अरुणोदय’ तरी काय वेगळा? अरुण म्हणजे तांबडाच.

सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की पूर्वेला पहिला फिका उजेड येतो. तिथून सूर्योदयापर्यंत कोल्हापुरात जेमतेम सव्वा तास लागतो. लंडनला जूनमध्ये सूर्य १८ अंश खाली जातच नाही, त्यामुळं तिथं रात्रभर पुरता काळोख होत नाही.

जाता जाता नात्यांची एक गंमत. इंग्रजी ‘डे’ आणि आपला ‘दिवस’ भाऊ वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. उलट वेदांतली उषा, रोमनांची ऑरोरा आणि पूर्व दिशेचा इंग्रजी शब्द ‘ईस्ट’ ही एकाच घरची मंडळी. चेहऱ्यावरून मात्र कुणी ओळखणार नाही.

मुलानं वहीत ‘उजाडणे’ लिहून नेलं. शाळेतून ते लाल शाईनं खोडून आलं, शेजारी ‘पहाट’. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘त्या बाईंना एकदा चार वाजता गच्चीवर बोलाव.’