पाहुण्या यंत्रास वाट कोणती?

घरांत कॉलेजांत शिकणारें एखादें मूल असलें, कीं एकाच लॅपटॉपमध्यें दुसरा संगणक मांडण्याचा उद्योग हल्लीं केव्हां तरी होतोच. हा दुसरा संगणक हातीं धरतां येत नाहीं. तो केवळ प्रोग्रामनें उभा केलेला असतो. त्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मूळ यंत्र तो यजमान, आणि त्याच्या पोटांत चालणारें तें पाहुणें यंत्र. ही कल्पना जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीनें आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं १९७२ सालींच व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. पुढें २००७ सालीं निघालेल्या व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रामांनीं ती घरगुती संगणकापर्यंत आणिली.

आमच्या एका पुतण्यानें नुकतेंच असें लिनक्सचें यंत्र मांडिलें. लॅपटॉपवर वाय-फाय उत्तम चाललें असतां पाहुण्या यंत्रांत मात्र इंटरनेट येईना. दोन दिवस तो तेथें वाय-फायचें चिन्ह शोधीत बसला. तिसऱ्या दिवशीं कॉलेजांत काम दाखवावयाचें होतें, आणि घरांत कोणाशीं धड बोलणें उरलें नव्हतें! चूक त्याच्या मेहनतींत नव्हती, समजुतींत होती.

पाहुण्या यंत्रास लॅपटॉपचें वायरलेस कार्ड मुळीं दिसतच नाहीं. यजमान त्याच्यापुढें तारेच्या साध्या नेटवर्क कार्डाचा देखावा उभा करितो. म्हणून तेथें तारेचें चिन्ह दिसणें हेंच योग्य होय. प्रश्न एवढाच उरतो, कीं त्या कार्डाची वाट बाहेर कशी काढावयाची?

वाटा मुख्यतः दोन. पहिलीस नॅट म्हणतात. एकत्र कुटुंबांत सर्वांचीं पत्रें वडील माणसाच्या नांवें येतात आणि तो तीं ज्याचीं त्यास देतो, तसाच हा प्रकार. पाहुण्या यंत्राची मागणी यजमान स्वतःच्या नांवें बाहेर पाठवितो, तिचें टांचण ठेवितो, व उत्तर येतांच आंत पोंचवितो. दुसरी वाट ब्रिज्ड. तींत पाहुणा स्वतंत्र पाटी लावून राउटरशीं परभारें व्यवहार करूं पाहतो. तारेच्या जोडणीवर हें सहसा चालतें. वाय-फायचा राउटर मात्र जें कार्ड रीतसर जोडलें गेलें आहे त्याचाच मॅक पत्ता ओळखतो. अनोळखी पत्त्याचा मजकूर तो टाकून देतो. कांहीं प्रोग्राम पत्ता बदलून वेळ निभावतात, परंतु ती युक्ती सर्वच कार्डांवर साधत नाहीं. पुतण्यानें कोणाच्या तरी सल्ल्यानें हीच दुसरी वाट धरिली होती.

उपाय सोपा ठरला. पाहुणें यंत्र पूर्ण बंद केलें, व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमध्यें नेटवर्क या सदरांत ब्रिज्डच्या जागीं नॅट निवडलें, 'केबल कनेक्टेड' ही खूण असल्याची खात्री केली, आणि आंतील पत्ता आपोआप मिळेल असें ठेविलें. यंत्र सुरू होतांच १०.०.२.१५ हा पत्ता आला आणि वाट मोकळी झाली.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. जुने हिशेब किंवा जुने फाँट उघडण्यासाठीं कित्येक घरीं विंडोज एक्स्पी असें पोटांत ठेविलेलें असतें. तिच्या सुरक्षेची सर्वसाधारण दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली. अशा यंत्रास इंटरनेट देऊंच नये. त्याचें नेटवर्क कार्डच बंद ठेवावें. नॅटमुळें परक्यास थेट आंत शिरणें कठीण होतें हें खरें, परंतु आंतलें बिघडलेलें यंत्र घरांतील इतर यंत्रांचीं दारें ठोठावूं शकतें. घरचे फोटो आणि बँकेचे व्यवहार त्याच छपराखालीं असतात. म्हणून वाट कशी द्यावी याच्या आधीं ती द्यावी कीं नाहीं, हें वडीलधाऱ्यांनीं व मुलांनीं एकत्र बसून ठरवावें, असें आम्हांस वाटतें.