घरातला वाचणारा

मुलाला अक्षरे शिकविली म्हणजे एक मूल साक्षर झाले, एवढाच हिशेब शाळेच्या दप्तरात मांडला जातो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कामगारांच्या खोल्यांतून हिंडताना आम्हांस मात्र आणखी काही दिसले. बाप निरक्षर आणि मूल शाळकरी अशा घरात अक्षरांबरोबर थोडी सत्ताही मुलाकडे जाते.

म्हाळुंग्याच्या एका चाळीतील गोष्ट. मराठवाड्यातून आलेला कंत्राटी कामगार, मुलगी सहावीत. पगाराची चिठ्ठी तो तिच्यापुढे टाकी, ती वाचून दाखवी. एकदा तिने विचारले, "आबा, पीएफचे पैसे कापलेत, मग खात्याचा नंबर कुठाय?" मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 12 टक्के रक्कम कामगाराची कापायची आणि तितकीच मालकाने घालायची, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, कंत्राटदाराने खातेच उघडले नव्हते! आमच्या पत्रकांनी दोन वर्षांत जे झाले नाही, ते पोरीच्या एका प्रश्नाने झाले. हे सांगताना आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे होते.

पुण्यास हे नवे नाही. 1855 साली फुले दांपत्याच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो 'ज्ञानोदया'त छापून आला. अक्षरे शाळेची होती, प्रश्न तिचे होते.

तथापि याची दुसरी बाजूही आहे. उचल किती घेतली, वाण्याची उधारी किती थकली, हे आईबाप ज्या वयाच्या मुलांपासून लपवितात, त्याच वयात या मुलांना ते मोठ्याने वाचावे लागते. शिवाय वाचणाऱ्यास गाळताही येते. त्याच मुलीने शाळेतून आलेली चिठ्ठी वाचताना आपल्या गैरहजेरीचे दिवस सोडून दिले. बापास कळले तेव्हा तो रागावला नाही, नुसता गप्प झाला. पुढच्या महिन्यापासून पगाराची चिठ्ठी तो शेजाऱ्याकडे नेऊ लागला. त्या घरात काय मोडले ते आम्ही कोणत्या पत्रकात लिहावे?

मोठ्यांना शिकविण्याचे प्रयत्न जुने आहेत. 1959 साली साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली आणि पुढे राज्यभर पसरली. अलीकडे 2022 ते 2027 या काळासाठी 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम आखला गेला. त्यात पगारी शिक्षक नाहीत, स्वयंसेवक शिकवितात. परीक्षा 150 गुणांची : वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50.

या मुलीची आई त्या वर्गास बसली. रोजचा सराव मात्र मुलीनेच घेतला, आणि तोही मोठ्या दरडावणीने : "रेघेखाली उतरू नकोस!" आई परीक्षेस बसली, उत्तीर्ण झाली. नंतर एकदा आम्ही गेलो, तर मुलगी तक्रारीच्या सुरात म्हणाली, "काका, आई आता मला विजेचं बिलसुद्धा दाखवत नाही."