पंख छाटायचे की पंखा बंद ठेवायचा?

‘पर कापून देऊ का?’ कॉकटेल किंवा कन्युअर जातीचा पोपट घ्यायला गेलेल्या पुणेकराला हा प्रश्न शेवटी विचारला जातो. पिंजरा घेऊन झालेला असतो, दाण्याची पिशवी बांधून झालेली असते. मुलांना घरी जायची घाई असते, ‘उडून गेला तर?’ असं कुणीतरी म्हणतं आणि मान डोलावली जाते. दोन मिनिटांचं काम. रक्त येत नाही. ‘नखं कापण्यासारखंच आहे,’ असं दुकानदार सांगतो आणि पक्षी खोक्यात बसतो.

दुकानदार खोटं बोलत नसतो. पूर्ण वाढलेल्या पिसात रक्तही नसतं आणि संवेदनाही नसते, त्यामुळे ते कापताना दुखत नाही. पुढच्या पीसगळीत कापलेलं पीस मुळासकट पडतं आणि त्या जागी नवं येतं. म्हणजे हा प्रकार कायमचा नाही. पंखाचं टोक हाडासकट कापायची जी रीत काही देशांत तळ्यातल्या बदकांसाठी वापरली जायची, तिच्याशी याची गल्लत करू नये. तरीही, पिसाला दुखत नाही म्हणून पोपटाला काही होत नाही, असं मात्र नाही.

पोपटाच्या प्रत्येक पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसं असतात. हवेत पुढे जाण्याचा जोर ती देतात. अंगालगतची दुसरी ओळ पक्ष्याला उचलून धरते. जाणकार माणूस कात्री लावतो ती टोकाच्या पाच-सात पिसांना, दोन्ही पंखांवर सारखी. आतली ओळ शाबूत ठेवतो. असा पक्षी वर चढू शकत नाही, पण तरंगत खाली येऊ शकतो, धप्पकन आपटत नाही. घाईत काम करणारा एकच पंख छाटतो. मग पक्षी उडायला गेला की एका बाजूला कलंडून पडतो, आणि एकदा-दोनदा तसं झालं की उडायचं धाडसच करत नाही. काहींना यालाच पोपट ‘शांत झाला’ असं वाटतं.

आता हेच गणित पुण्याच्या घरांत मांडून बघा. पेठेतल्या वाड्यात पोपटाचा पिंजरा ओसरीवर टांगलेला असायचा. पर कापलेला पक्षी सुटलाच तर अंगणात उतरायचा, फार तर न्हाणीघराच्या पत्र्यावर. मांजराच्या आधी कुणीतरी पोचलं की झालं. आज तो पक्षी बाणेर किंवा वाकडच्या बाराव्या मजल्यावर असतो. तिथल्या बाल्कनीतून दचकून निघालेला छाटलेला पोपट तरंगतो, आणि उंची भरपूर असल्यामुळे बराच लांब तरंगतो. सोसायटीची भिंत, रस्ता, पलीकडचं बांधकाम ओलांडून कुठेतरी जमिनीवर टेकतो. परत वर यायची सोय आपण कापलेली असते. पिसं शाबूत असलेला पक्षी निदान समोरच्या झाडावर बसून हाक ऐकू शकतो, कावळे मागे लागले तर जागा बदलू शकतो. उंच इमारतीत पर कापणं हे मालकाच्या मनाचं समाधान आहे, पोपटाचं संरक्षण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजनाचा हिशेब वेगळाच. कॉकटेल ऐंशी ते शंभर ग्रॅमचा, लांब पंखांचा, उडण्यात तरबेज. त्याची पाच पिसं कापली तरी वाऱ्याच्या एका झोताबरोबर तो निघून जाऊ शकतो. आफ्रिकन ग्रे चारशे-पाचशे ग्रॅमचा, भरीव अंगाचा. तीच पाच पिसं कापली तर तो दगडासारखा खाली येतो आणि छातीच्या मधल्या उभ्या हाडावर आपटतो. त्यावरची कातडी फाटते, जखम भरत आली की पुढच्या पडण्यात पुन्हा उघडते. पक्ष्यांच्या डॉक्टरांना हे दुखणं जुन्या ओळखीचं आहे. ‘सगळ्यांचीच कापतात’ हा सल्ला म्हणून निरुपयोगी आहे, कारण एका पक्ष्याला अपुरी पडणारी छाटणी दुसऱ्याचं हाड फोडते.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. नवं पीस उगवतं तेव्हा ते नळीसारखं असतं आणि त्यात रक्त वाहत असतं. एरवी शेजारची पूर्ण वाढलेली पिसं त्याला दोन्ही बाजूंनी सांभाळतात. छाटलेल्या पंखात ते एकटंच पुढे आलेलं असतं. पिंजऱ्याच्या गजावर आपटलं की मोडतं आणि रक्त येतं, आणि तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगरला (ज्याला आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो) रक्ताचे थोडे थेंबही महाग पडतात. शिवाय कापलेल्या पिसांची टोकं अंगाला टोचत राहतात. काही पक्षी ती कुरतडायला लागतात आणि तिथून स्वतःची पिसं उपटण्याच्या सवयीपर्यंत पोचतात.

छाटणीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. छाटलेला पक्षी हातावर लवकर येतो, हे खरं आहे. न येऊन जाणार कुठे? पण घाबरला की उडून लांब जाणं हा पोपटाचा पहिला बचाव असतो. तो काढून घेतला की दुसरा उरतो, चोच. शहाणा माणूस दोन फूट लांब उडून गेलेल्या पक्ष्याकडे बघून समजतो की आत्ता याला हात नको आहे. छाटलेल्या पक्ष्याला हेच चावून सांगावं लागतं, आणि मग घरात त्याचं नाव ‘चावरा’ पडतं.

या सगळ्याच्या आधी पुण्यात एक प्रश्न यायला हवा: पोपट कोणता? गळ्याला काळा-गुलाबी पट्टा असलेला आपला हिरवा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला त्याचा मोठा भाऊ किंवा लालसर-जांभळ्या डोक्याचा छोटा पोपट यांपैकी तो असेल, तर पर कापण्याची चर्चाच संपली. देशी पोपट पाळणं हाच गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९१ पासून बंद आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आमच्याकडे आजोबांपासून आहे’ हा युक्तिवाद कायद्याला ठाऊक नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाल नावाच्या पोपटाला चक्क पोलीस ठाण्यात हजर केलं होतं. आपण समोरून गेलो की हा शिव्या देतो, त्याला तसं शिकवलंय, अशी एका वृद्धेची तक्रार होती. ठाण्यात पोपटानं तोंडातून ब्र काढला नाही. पोलिसांनी अखेर त्याला वनखात्याच्या हवाली केलं. देशभर लोक हसले, पण पोपट शेवटी कुठे पोचला, याकडे हसणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं पक्ष्यांना आकाशात उडण्याचा मूलभूत हक्क आहे आणि त्यांना छोट्या पिंजऱ्यात डांबायचा हक्क माणसाला नाही, असं म्हटलं होतं. त्याआधी २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानंही याच दिशेनं निकाल दिला होता.

घरात असा हिरवा पोपट असेल, त्याचे पर कापलेले असतील आणि हे वाचून पश्चात्ताप होत असेल, तर कृपा करून त्याला विद्यापीठाच्या झाडीत सोडून येऊ नका. तो उडू शकत नाही, त्याला खाणं शोधता येत नाही आणि घारीची ओळख नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बावधनला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट वनखात्याबरोबर वन्यप्राण्यांवर उपचारांचं काम करतो. छाटलेली पिसं परत यायला कित्येक महिने जातात, मग पंखांत ताकद यायची, मग आपल्यासारख्यांच्या थव्यात राहायला शिकायचं. ही वाट टाळायला बाजदारीत (शिकारी ससाणे पाळण्याच्या कलेत) एक जुनी युक्ती आहे. गळलेलं दुसरं पीस घेऊन कापलेल्या पिसाच्या पोकळ देठात बारीक काडीनं ते बसवायचं. पक्षी पुढच्या पीसगळीपर्यंत त्यावर उडतो. आपण दोन मिनिटांत केलेलं काम निस्तरायला इतकं कौशल्य लागतं.

परदेशी पोपटांचा मामला वेगळा. बजरीगर आणि कॉकटेल हे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘सायटीस’ यादीत नाहीत. कन्युअर, मकाव, काकाकुवा बहुतेक आहेत. आफ्रिकन ग्रे तर २०१७ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. ‘सायटीस’ यादीतला पक्षी घरात असेल तर २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदार पर कापायचं आवर्जून विचारतो. नोंदणीचा कागद आपण मागायचा असतो.

कायदेशीर पक्षी घरात आला असं धरू. आता छाटणीऐवजी काय? माझ्या मते आधी छताकडे बघावं. पुण्याच्या घरात मोकळ्या पोपटाचा पहिला शत्रू म्हणजे छताचा पंखा. मे महिन्यात पंखा बंद ठेवा म्हणणाऱ्याला वेड्यात काढतील, हे मान्य. पण पोपट बाहेर असायची वेळ ठरवता येते. सकाळी सात ते आठ, संध्याकाळी तासभर. तेवढा वेळ पंखा बंद, बटणावर चिकटपट्टी. नाहीतर जाळीचा टेबलफॅन. शिवाय कॉकटेलची पाच पिसं कापून पंखा चालू ठेवणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. खांद्यावरून फडफडत तो पात्यापर्यंत पोचू शकतोच.

बाल्कनीची सोय पुणेकरांनी आधीच करून ठेवली आहे, कबुतरांच्या कृपेनं. अर्ध्या शहराच्या बाल्कन्यांना नायलॉनची जाळी आहे. कॉकटेलला ती चालू शकते, पण कबुतरासाठी ठेवलेल्या भोकातून बजरीगर आरामात निघतो आणि मोठा कन्युअर ती जाळी चोचीनं दोरा कापावा तशी कापतो. त्याला बारीक भोकांची स्टीलची जाळी लागते. हल्ली नव्या इमारतींत लावतात ती तारांची ‘इनव्हिजिबल ग्रिल’ लहान पक्ष्याला इनव्हिजिबलच असते, सरळ पलीकडे.

स्वयंपाकघराचं दार बंद ठेवणं हे तिसरं. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर दुसऱ्या खोलीतल्या पोपटालाही मारू शकतो. त्याचे पर कापलेत की नाहीत, याच्याशी त्या धुराला देणंघेणं नाही. तसंच ढोलताशाचं. गणपतीआधी नदीपात्रात सराव सुरू झाले की अंधारात दचकून कॉकटेल पिंजऱ्यातच थडाथड आपटून घेतो. त्याला रात्री एक मंद दिवा लागतो.

चौथी गोष्ट वेळखाऊ आणि सगळ्यात उपयोगी: बोलावल्यावर येणं शिकवणं. सूर्यफुलाची एक बी हाताशी धरून वीतभर अंतरावरून सुरुवात, मग हातभर, मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सूर्यफुलाच्या बिया एवढ्यासाठीच राखून ठेवाव्यात. वाटीभर खाऊन न उडणाऱ्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते. उंचावरून खाली यायलाही शिकवावं लागतं. घराबाहेर पडलेला पोपट झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतो आणि मालकाला वाटतं तो परत यायला तयार नाही. पुष्कळदा त्याला तीव्र उतारानं खाली उडताच येत नसतं, कारण दिवाणखान्यात ती वेळच आलेली नसते. कपाटावरून जमिनीपर्यंत, पोटमाळ्यावरून हातावर, असा सराव घरात करून घेता येतो.

मग छाटणी कधीच नाही? घरात विसरभोळे आजोबा एकटे असतील आणि दार सताड उघडं राहत असेल, घर बदलताना जाळी लागेपर्यंत दोन महिने काढायचे असतील, घरात कुत्रं असेल आणि त्याची सवय व्हायची असेल, तर हलकी, दोन्ही बाजूंची छाटणी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून करून घेणं मी समजू शकतो. जे पिल्लू अजून उडायलाच शिकलेलं नाही, त्याची छाटणी मात्र कधीच नको. हातानं भरवलेली पिल्लं नेमकी त्याच वयात छाटून विकली जातात. उडणं, वळणं, वेग कमी करून उतरणं हे शिकायचे ते थोडे आठवडे गेले की पक्षी पुढे पिसं येऊनही भित्राच राहतो. आणि मकाव? एक किलोचा, माणसाच्या आयुष्याशी स्पर्धा करणारा पक्षी दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणून त्याचे पर कापावेत की नाही, यावर खल करणाऱ्याला मी एवढंच म्हणेन की आणू नका.

छाटून झालंच असेल तर दर आठवड्याला पंख उघडून बघावा. पिसं एकदम येत नाहीत, एकेक करून येतात, आणि घरातल्यांच्या डोक्यात मात्र ‘याला उडता येत नाही’ हे पक्कं बसलेलं असतं. खांद्यावर घेऊन गच्चीत फिरणं सुरू असतं. जूनमध्ये वारा सुटतो, प्रत्येक पंखात तीन-चार नवी पिसं आलेली असतात, आणि खालच्या रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजतो.

पक्षी असा उडून गेलाच तर पहिला तास महत्त्वाचा. पिंजरा गच्चीवर दिसेल असा ठेवायचा, घरात दुसरा पक्षी असेल तर त्याला शेजारी, नाहीतर त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावायचं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. पिसं शाबूत असतील तर झाडांचे शेंडे बघत हाक मारायची, अंधार पडेपर्यंत आणि पुन्हा पहाटे उजाडताना. छाटलेला असेल तर शोध खाली: पार्क केलेल्या गाड्यांखाली, कुंपणाच्या मेंदीत, वॉचमनच्या खोलीमागे, आणि बिल्डिंगपासून आपल्याला वाटतं त्यापेक्षा बऱ्याच लांबपर्यंत.