पिशवीवर पिशवी

संपादकांना मायक्रॉनवर लेख हवा होता. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. पुढे सप्टेंबर २०२१ अखेरपासून देशभर कॅरीबॅग ७५ मायक्रॉनपेक्षा पातळ नको असं ठरलं आणि २०२२ संपता संपता तो आकडा १२० वर गेला. या जाडीच्या हिशेबात पिशव्या बनवणाऱ्यांचं काय झालं ते बघून या, असं ते म्हणाले. म्हणून मी वसई पूर्वेला, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये गेले.

ज्या गाळ्यात मी शिरले तिथे कॅरीबॅग बनतच नव्हत्या. तिथे ब्रेडच्या आणि डायपरच्या पिशव्या तयार होत होत्या. बंदीतून वगळलेला, मालाचं पॅकिंग म्हणून चालणारा हा धंदा. पिशव्या जिथे यंत्रातून बाहेर पडत होत्या तिथे मी उभी राहिले आणि बराच वेळ तिथून हललेच नाही. त्या यंत्राला विकेटर म्हणतात. मायक्रॉनचा लेख मागे पडला, हा विकेटरवरचा लेख आहे.

यंत्राची करामत कळायला आधी पिशवीचं वजन लक्षात घ्यायला हवं. २५ सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब, ३० मायक्रॉन जाडीची एलडीची, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनची, पिशवी धरली तर दोन्ही पदर मिळून ती जेमतेम साडेपाच ग्रॅम भरते. हवेत सोडली तर ती सरळ खाली येत नाही. पंख्याच्या वाऱ्याला वळते, हाताला चिकटते, स्वतःच्याच दुसऱ्या पदराला चिकटते. ती कापणं आणि चिकटवणं हे काम तुलनेनं सोपं आहे. खरी कसोटी पुढे लागते: अशी एक पिशवी दुसरीवर, दुसरी तिसरीवर, नेमकी काठाला काठ लावून ठेवायची आणि तीही मिनिटाला दोनशेच्या वेगानं. एका पिशवीच्या वाट्याला येतो सेकंदाच्या तीन दशांशाइतका वेळ. तेवढ्यात ती उचलायची, वाहून न्यायची, दोन उभ्या पिनांवर तिची दोन भोकं बसवायची आणि सोडून द्यायची.

इतक्या नेमकेपणाची गरज ब्रेडच्या कारखान्यात आहे. तिथे २५० पिशव्यांचा गठ्ठा तारेत अडकवून पॅकिंगच्या यंत्रावर लावतात. हवेचा झोत वरच्या पिशवीचं तोंड उघडतो, पाव आत ढकलला जातो आणि पिशवी भोकापाशी फाटून तारेतून सुटते. मग पुढची. गठ्ठा इथे वसईत थोडासा जरी तिरका बसला, तरी तिकडे पिशवीचं तोंड नीट उघडत नाही, पाव अडतात आणि अख्खी लाइन थांबते. विकेटरवरच्या माणसाला ती थांबलेली लाइन कधीच दिसत नाही, त्याला दिसतो परत आलेला माल.

इतिहास थोडक्यात. अमेरिकेत कागदी पिशवीचं पहिलं यंत्र १८५२ साली फ्रान्सिस वोले यांनी केलं. सपाट बुडाच्या पिशवीचं यंत्र मार्गारेट नाइट यांचं. त्याची कल्पना एका माणसानं चोरून स्वतःच्या नावावर लावायचा प्रयत्न केला, तेव्हा नाइटबाई भांडल्या, जिंकल्या आणि १८७१ मध्ये पेटंट त्यांना मिळालं. पॉलिथिन सापडलं १९३३ च्या मार्चमध्ये, इंग्लंडमधल्या आयसीआयच्या प्रयोगशाळेत आणि तेही अपघातानं. आज भाजीवाल्याकडे दिसणारी दोन कानांची पिशवी स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांची, तिचं अमेरिकी पेटंट १९६५ चं. पण या सगळ्यांत मला सगळ्यात आवडलेला माणूस गिलमोर शेल्डाल. विमानात उलटी होणाऱ्या प्रवाशांसाठी प्लास्टिकचं अस्तर असलेली पिशवी त्यांनी केली, प्लास्टिकच्या पिशव्यांचा धंदा केला आणि पातळ फिल्म चिकटवण्यात त्यांच्या कंपनीचा हात इतका बसला, की १९६० साली अमेरिकेनं अवकाशात सोडलेला ‘एको १’ हा उपग्रह त्यांच्याकडे बनला. तीस मीटर व्यासाचा तो फुगा होता आणि त्याची फिल्म तेरा मायक्रॉनहूनही पातळ होती. पिशवी बनवणं हे हलकं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता यंत्राकडे येऊ. एका टोकाला छापील फिल्मचं रीळ. फिल्म त्रिकोणी पत्र्यावरून जाताना दुमडते, पण घडी बरोबर मध्यावर पडत नाही. एक पदर मुद्दाम चारेक सेंटिमीटर लांब ठेवतात. पिशवीच्या तोंडाशी जी एकपदरी पट्टी राहते ती हीच आणि दोन भोकं तिच्यातच पडतात. मग सर्व्हो मोटर फिल्मला झटक्यानं एका पिशवीच्या रुंदीइतकं पुढे ओढते, छापील खुणेवर सेन्सरची नजर असते. फिल्म थबकते तोच तापलेलं ब्लेड सिलिकॉन रबरच्या रोलरवर उतरतं. या एकाच उतरण्यात दोन कामं होतात: फिल्म वितळून तुटते आणि तुटता तुटता दोन्ही बाजूंनी चिकटते. म्हणजे गेलेल्या पिशवीची उजवी शिवण आणि येणाऱ्या पिशवीची डावी शिवण एकाच क्षणी तयार होते. पुढे पट्ट्यांमधून सुटी पिशवी येते हातांपाशी.

या हातांसाठी मी थांबले होते. एका आडव्या दांड्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या बसवलेल्या धातूच्या पोकळ नळ्यांच्या जोड्या, प्रत्येक नळीवर बारीक भोकांची रांग. दांडाही पोकळ, त्यातून पंप हवा खेचत असतो. पण सगळ्या हातांमधून सगळा वेळ खेचत नाही. दांड्याच्या टोकाशी एक झडप आहे, ती हाताला फिरण्याच्या ठराविक टप्प्यातच पंपाशी जोडते. पिशवी पट्ट्यांतून निघायच्या जागी हात आला की भोकांमध्ये ओढ सुरू होते आणि पिशवी वर उचलली जाते. अर्धा फेरा ती हाताला धरून फिरते. पलीकडे खाली येते, पिनांची टोकं तिच्या भोकांत शिरतात, त्याच क्षणी झडप ओढ तोडते, हलकी फुंकर येते, पिशवी मागे राहते आणि हात रिकामा पुढे जातो. विहिरीवरच्या रहाटाचं गाडगं खाली भरतं आणि वर रितं होतं, तसं इथे पाण्याऐवजी निर्वात भरतो आणि रिता होतो. यंत्र बंद असताना, पंप मात्र चालू ठेवून, ऑपरेटरदादांनी मला एका भोकावर बोट ठेवायला सांगितलं. ओढ इतकी सौम्य होती की मला पंप बिघडला असावा असं वाटलं. “याच्यापेक्षा जोर दिला तर पिशवी सोडणार नाही, ताई,” ते म्हणाले. “पकडणं सोपंय. वेळेवर सोडणं कठीण.”

अडीचशे पिशव्या झाल्या की पिनांची जोडी कन्व्हेयरवर एक घर पुढे सरकते आणि रिकामी जोडी जागेवर येते. या सरकण्याला सेकंदाच्या तीन दशांशापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून यंत्र तेवढ्यापुरती फिल्म रोखतं, ब्लेड वर धरून ठेवतं, नाहीतर थांबलेली फिल्म जळेल. हात मात्र रिकामेच फिरत राहतात. दर गठ्ठ्यामागे पाच पिशव्यांचा वेळ असा रिकामा गेला असं धरलं, तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये सुमारे १,९०० पिशव्या कमी निघतात. हे वाचवण्यासाठी नव्या यंत्रांमध्ये येणाऱ्या पिशव्या क्षणभर झेलणारी बोटं बसवतात, खालचा गठ्ठा हलेपर्यंत ती पुढच्या पिशव्या धरून ठेवतात. ग्रीन बेच्या हडसन-शार्पसारख्या अमेरिकी कंपन्यांनी हे तंत्र वर्षानुवर्षं घासूनपुसून नीट केलं. आज अहमदाबादची ममता मशिनरी विकेटर बनवते, परदेशात विकते आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती शेअर बाजारातही आली. हातांच्या वेळा पूर्वी कॅम आणि क्लचच्या भरवशावर असायच्या. आता पडद्यावरचा आकडा बदलला की हात दोन अंश आधी सोडतात.

पिनांच्या पलीकडे एक काकू उभ्या असतात. त्या गठ्ठा उचलतात, वाकवलेली तार भोकांतून घालतात, पुठ्ठा लावतात, रबराच्या गोळ्यांनी तारेची टोकं बंद करतात, एखादी पिशवी काढून दोन्ही हातांनी शिवण ताणून बघतात आणि गठ्ठा खोक्यात ठेवतात. पुढचा गठ्ठा सव्वा मिनिटात तयार. यंत्राचा आवाज बदलला की त्या मान वर करतात आणि बहुतेक वेळा त्यानंतर ऑपरेटरच्या पडद्यावर लाल दिवा लागतो. गठ्ठ्यात वीज साठली आहे का, हे त्या हात जवळ नेऊनच ओळखतात. मनगटावरची लव उभी राहते. मीही हात नेऊन पाहिला.

अडचणी सुरू होतात त्या या विजेपासून. पॉलिथिनमधून वीज वाहत नाही, त्यामुळे रोलरांवरून घासून फिल्मवर जी वीज जमते ती जाणार कुठे? भारलेली पिशवी हाताला चिकटून राहते, सुटायला उशीर करते, भोक पिनाच्या बाजूला पडतं. किंवा गठ्ठ्यातल्या पिशव्या एकमेकींना दूर लोटतात आणि काठ फुगून वर येतो. पावसाळ्यात वसईची दमट हवा हे सगळं बरंचसं गिळून टाकते. थंडीत कोरडा वारा सुटला की त्रास वाढतो. त्यासाठी फिल्मवर हवा विद्युतभारित करणाऱ्या दांड्या लावतात, पण त्यांच्या सुयांवर धूळ आणि शाईची पूड बसली की त्या नुसत्या लटकत राहतात. त्या सुया रोज पुसणारा माणूस ज्या गाळ्यात आहे तिथला माल चांगला निघतो.

दुसरी अडचण निसरडेपणाची. फिल्म फिल्मवरून सरकावी म्हणून प्लास्टिकच्या दाण्यात इरुकामाइड नावाचं द्रव्य घालतात. ते मोहरीच्या जातीच्या तेलबियांमधल्या इरुसिक आम्लापासून बनतं. ते लगेच काम करत नाही. फिल्मच्या आतून हळूहळू पृष्ठभागावर येतं. म्हणून ताजं रीळ घाईनं यंत्रावर चढवलं तर पिशव्या चिकटतात, तोंड उघडत नाही. आणि द्रव्य जास्त झालं तर गठ्ठा पिनांवरच तिरका घसरतो आणि छपाईची शाईही धरत नाही. रीळ एखादा दिवस मुरू द्यायचं असतं, हे मालकाला ऑर्डरची तारीख डोक्यावर असताना सांगावं लागतं.

यात आता पुनर्वापराच्या दाण्याची भर पडते आहे. केंद्राच्या २०२२ च्या नियमावलीनं पातळ, लवचीक पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून १० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक घालायला सांगितलं आहे. २०२७-२८ पासून ते २० टक्क्यांवर जायचं आहे, अन्नाला लागणाऱ्या पॅकिंगसाठी अन्नसुरक्षेच्या अटी वेगळ्या. नियम योग्य आहे, तो यायलाच हवा होता. पण जुन्या प्लास्टिकच्या फिल्ममध्ये न वितळलेले कण राहतात, त्यांच्याभोवती फिल्म पातळ होते, कधी तिला छिद्र पडतं. असं छिद्र नेमकं हाताच्या भोकावर आलं की ओढ निसटते आणि पिशवी वाटेतच गळते. गळालेली एक पिशवी पुढच्या दहांना अडकवते.

मग कुणीतरी जाळी उघडून आत हात घालतं. माझी खरी काळजी ही आहे. आत गरम ब्लेड आहे, फिरणारे धातूचे हात आहेत. धोकादायक भागांना आवरण हवं, हे आपल्याकडे किमान १९४८ च्या कारखाने कायद्यापासून लिहिलेलं आहे. जाळी उघडताच यंत्र थांबावं म्हणून दाराला स्विच असतो. मी दुसऱ्या एका गाळ्यात त्या स्विचवर चिकटपट्टीनं लोहचुंबक लावलेलं पाहिलं. दार उघडं, यंत्राला मात्र ते बंदच वाटतं. जाम काढताना यंत्र थांबलं की पुन्हा चालू करून तापमान आणि खूण जुळेपर्यंत माल वाया जातो, तो वाचवायचा म्हणून हे करतात. दोन-चार किलो फिल्म वाचते आणि त्यासाठी कुणाची तरी बोटं रोज आत जातात.

नव्या यंत्रांना आता गठ्ठे उचलणारा भागही जोडून मिळतो. तो पिनांवरून गठ्ठा स्वतः उचलतो, तारेवर चढवतो, खोक्यापाशी नेतो. काकूंचं काम. याला सरसकट विरोध करावा असं मला वाटत नाही, कारण मी हिशेब करून पाहिला. अडीचशे पिशव्यांचा गठ्ठा जवळपास १.४ किलोचा. एका शिफ्टमध्ये असे पावणेचारशेच्या आसपास गठ्ठे. म्हणजे ती बाई एका शिफ्टमध्ये खांद्याच्या उंचीवर पाचशे किलोहून जास्त वजन उचलते आणि प्रत्येक वेळी मनगट त्याच कोनात वळवते. काकूंचा उजवा खांदा रात्री दुखतो, त्या कुशीवर झोपू शकत नाहीत. हे काम यंत्रानं करावं. पण काम गेलं की पगारही जातो, आणि आवाजावरून बिघाड ओळखणारा कानही गाळ्याबाहेर जातो. उचलणारं यंत्र तिरका गठ्ठासुद्धा तितक्याच निष्ठेनं तारेवर चढवेल. शिवण ताणून बघणारं तिथे कुणी उरणार नाही.

म्हणून गाळेमालकांना एक विनंती. नवं यंत्र घ्या. ते बसवायला कंपनीचा इंजिनिअर येतो आणि ऑपरेटरला शिकवतो, तेव्हा पिनांपाशी उभ्या राहणाऱ्या बायकांनाही त्याच पडद्यासमोर उभं करा. ओढ कमी-जास्त करणं, हातांची वेळ बदलणं, सुया पुसणं, सगळं त्यांना शिकवा आणि त्या कामाचा ऑपरेटरचा पगार द्या. आणि दाराच्या स्विचवर कुठे लोहचुंबक असेल, तर ते आजच काढा.